घंगाळातली शेवंती

एका राज्यात वीरबाहू नावाचा राजा होता, कनकलेखा नावाची त्याची राणी होती, आणि दोघांची बाग राखणारी भिवराई नावाची म्हातारी माळीण होती. राणी सासरी आली ती अगदी पोरवयात. माहेरच्या आठवणीने डोळे भरून आले की ती बागेत येऊन बसे, आणि भिवराई पाऊस सरल्यावरची फुलं तिच्या ओंजळीत घाली. तेव्हापासून राणीचा जीव उशिरा फुलणाऱ्या फुलांवर जडला.

एका आश्विनात धूम्रकेश नावाचा मांत्रिक राजद्वारी आला. यज्ञासाठी त्याला बागेतलं प्रत्येक फूल आणि प्रत्येक कळी हवी होती.

राणी म्हणाली, "फुलं न्यावीत. कळ्या राहू द्याव्यात."

मांत्रिकाने कमंडलूतलं पाणी भुईवर शिंपडलं. "या राज्याच्या भुईवर फूल उमलणार नाही. तुझ्या डोळ्यांतले रंग आज जातील, मार्गशीर्षी पौर्णिमेला दृष्टी जाईल."

राजाने हात जोडून उःशाप मागितला. मांत्रिक म्हणाला, "भुईला कधी न टेकलेल्या भांड्यात तीन जातींची फुलं उमलावीत, आणि राणीने त्यांचे रंग बिनचूक सांगावेत. कुणी तिला सुचवलं, तर ती तत्क्षणी आंधळी होईल."

सांजेपर्यंत बाग करपली. राणीला सारं जग राखेच्या रंगाचं दिसू लागलं. भिवराईने पदर खोचला.

बागेतली साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली. म्हणाली, "भुईला न टेकलेलं भांडं एकच आहे. नागाच्या गुहेत साखळीला टांगलंय."

गुहेत तांब्याचं मोठं घंगाळ लोंबत होतं, रत्नांनी काठोकाठ भरलेलं. त्या रत्नांना हात लावणारे खाली दगड होऊन उभे होते. नागाने फणा काढला. "काय हवं?"

"घंगाळ हवं. रत्नं तुमची तुम्ही काढून घ्या."

शेकडो वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. नागाने शेपटीने रत्नं खाली ओतली. भिवराईने घंगाळाचा तळ चाचपला. "याला भोक नाही. पाणी साचून मुळं कुजतील."

नागाने तळाला दात लावला आणि नेमकं छिद्र पाडून दिलं.

दुसरं काम मातीचं. साळुंकीने तिला सीमेपलीकडच्या नदीवर नेलं. नदी म्हणाली, "माझा गाळ घे, पण वाटेत घंगाळ उतरवशील तर गाळाचं पाणी होईल." भिवराईने छिद्रावर खापरी ठेवली, घंगाळ भुईला न टेकवता डोक्यावर घेऊनच त्यात गाळ भरला आणि दोन दिवस, दोन रात्री चालली. मान अवघडली, तिने घंगाळ उतरवलं नाही.

तिसरं काम रोपांचं. वाटेवर यक्षिणीची बाग होती. गुलाब, मोगरा, चाफा, सारं एकदम फुललेलं. यक्षिणी म्हणाली, "तीन रोपं ने. चुकीची निवडलीस तर माझ्या बागेबाहेर जगायची नाहीत."

भिवराई बहरातल्या झाडांपुढे थांबली नाही. कोपऱ्यातली तीन साधी रोपं तिने निवडली, ज्यांचे दिवस अजून यायचे होते. मधोमध उभं राहील असं एक, भोवती दाट भरेल असं दुसरं, काठावरून खाली ओघळेल असं तिसरं.

यक्षिणी हसली. "माळीण आहेस खरी."

राजवाड्यात घंगाळ झोपाळ्याच्या कड्यांना टांगलं. राजा रोज स्वतःच्या हाताने पाणी घाली. राणी जवळ येऊन बसे, काही विचारत नसे. भिवराईही काही सांगत नसे. दोघींना ते जड जाई.

पौर्णिमेच्या सकाळी तिन्ही झाडं फुलली. धूम्रकेश आला. राणीपुढे नुसती राखाडी फुलं होती.

तिने मधलं फूल हुंगलं. "ही शेवंती. पिवळ्या शेवंतीलाच असा कडवट वास असतो. पिवळी."

भोवतीच्या पातळ पाकळ्या तिने बोटांनी चाचपल्या. "ही अबोली. हिचा रंग हिच्याच नावाचा."

तिसरं फूल काठावरून खाली आलेलं होतं. त्याला वास नव्हता. "हा गोकर्ण," राणी म्हणाली आणि थांबली. गोकर्ण पांढराही असतो, निळाही असतो. राजाच्या कपाळावर घाम आला. भिवराईने डोळे मिटून घेतले.

राणीने विचारलं, "हे सारं भिवराईनेच निवडून लावलंय ना?"

"तिनेच," मांत्रिक म्हणाला.

"मग निळा. पिवळ्याजवळ निळं नसलं की पिवळं एकटं पडतं, असं तिनं मला परकरी वयात शिकवलंय. माझ्यासाठी लावताना ती पांढरा घेणार नाही."

आणि काठावरचा गोकर्ण तिच्या डोळ्यांपुढे निळा झाला. मग शेवंती पिवळी झाली, अबोली केशरी झाली, राजाचा शेला लाल झाला. बाहेर करपलेल्या भुईवर कोंब उठले. ज्या घंगाळातल्या रत्नांनी दगड केलं त्यातच फुलं उमलली, तशी गुहेतली दगडी माणसं जांभया देत घरी निघाली. शब्दाला बांधलेला धूम्रकेश मान खाली घालून राज्याबाहेर गेला, तो परत दिसला नाही.

राणीने भिवराईचे दोन्ही हात धरले. नखांत गाळ होता, डोक्यावर घंगाळाच्या बुडाचा वळ अजून होता.

"फार दुखतंय का ग?"

"नाही, बाईसाहेब. तुम्ही बघताय ना, आता नाही दुखत."

राणीने तिला घंगाळाजवळ पाटावर बसवलं, तेल मागवलं, आणि राज्याची राणी माळणीच्या डोक्याला तेल चोळत बसली. राजा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याने आधी घंगाळात पाणी घातलं, मग भिवराईला प्यायला दिलं. त्या राज्यात असं झालं, आणि तिघं सुखात राहिली.