चौघांची टाकी

एका गावात एक म्हातारी राहायची. तिला आजवर कोणी फसवू शकलं नव्हतं. ती बाजारात दिसली की भाजीवाला तागडीखाली लपवलेला खडा गुपचूप खिशात टाकायचा. तेलाची बाटली नुसती हातात घेऊन ती सांगायची की दोन बोटं कमी आहे, आणि ती खरोखर कमी निघायची. लोक तिला मोजणारी आजी म्हणत. खरं नाव बहुधा तिच्या धाकट्या बहिणीलाच माहीत असेल, आणि ती बहीण तर तिला अक्काच म्हणायची.

मग गावात गॅस आला. एकटा नाही, तीन-तीन पेढ्या घेऊन आला. एक लाल टाकीची, एक निळ्या टाकीची आणि एक पाइपवाली. प्रत्येकीच्या दोन-तीन स्कीम. एकट्याची छोटी टाकी होती, ती संपेल तेव्हा घ्यायची, पण किलोमागे महाग. जोडप्याची मधली टाकी होती. आणि लाल पेढीची घरभराची स्कीम होती. तिच्यात किलोमागे सगळ्यांत स्वस्त, पण दर महिन्याला मोठी टाकी घ्यायचीच, आधीची संपो न संपो. बायका गोंधळून गेल्या. साहजिकच सगळ्या आजीच्या ओट्यावर आल्या.

आजी हातात खडू घेऊन फरशीवर रेघा मारत बसायची. तिचे प्रश्न ठरलेले असत. पहिला प्रश्न, घरात माणसं किती? मग अंघोळीचं पाणी गॅसवर की बंबात, आणि पाव्हणेरावळे किती. एवढं विचारून झालं की ती स्कीम सांगायची, आणि तिचं कधी चुकायचं नाही. बारा माणसांच्या कुंभाराला तिनं घरभराची दिली. शाळेचे मास्तर एकटेच राहायचे, तेही घरभराचीच मागत होते, स्वस्त पडते म्हणून. त्यांना तिनं चांगलं झापलं.

"मास्तर, स्वस्त मिळालं म्हणून पोतंभर मीठ घ्याल का? तुमची भाजी तेवढीच खारट होणार आहे."

मास्तर हसले आणि छोटी टाकी घेऊन गेले. अख्ख्या गावाचे पैसे वाचले.

सगळ्यात शेवटी आजी स्वतःची टाकी घ्यायला लाल पेढीवर गेली. तिथल्या बाबूनं फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, घरात माणसं किती?

आता इथं जरा थांबून सांगायला हवं. आजीच्या घरात एके काळी चार माणसं होती. ती, मुलगा, सून आणि नात. मालक तर कधीच गेले होते. तीन वर्षांपूर्वी मुलगा पोटासाठी दूरच्या शहरात गेला आणि बायको-लेकीला घेऊन गेला. भांडण नाही, तंटा नाही. दिवाळीला येतो म्हणाला होता. तीन दिवाळ्या झाल्या. नातीचा पाट अजून भिंतीला टेकून उभा होता, आजी तो रोज पुसायची. शेजारीही काही बोलत नसत, कारण कुणी विषय काढला तर आजी म्हणायची, येतीलच इतक्यात.

तर बाबूनं विचारलं, आणि आजीच्या जिभेवर "एक" येईना.

"चार," आजी म्हणाली. बाबूनं चार लिहिलं आणि घरभराच्या स्कीमचा शिक्का मारला.

घरी येताना तिनं स्वतःला समजावलं, की किलोमागे हीच स्वस्त आहे ना, मग झालं. हिशेब बरोबरच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एकट्या बाईला मोठी टाकी पाच महिने पुरते. दुसऱ्या महिन्यात दुसरी आली, तिसऱ्यात तिसरी. आजी भरलेल्या टाक्या मागच्या पडवीत ओळीनं ठेवायची आणि वर गोधडी टाकायची, कुणाला दिसू नये म्हणून. गॅस संपावा म्हणून ती चौघांचा स्वयंपाक करू लागली. चौघांचा भात, चौघांची आमटी. एक ताट वाढून घ्यायची, आणि उरलेलं गाईच्या घमेल्यात ओतताना तिला रडू यायचं. विचारणार कुणाला? सगळं गाव जिला विचारतं तिनं कुणाच्या ओट्यावर जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प राहिली.

त्यातच बहिणीचं पत्र आलं. बहीण सगुणा तीन दिवसांच्या वाटेवर राहायची. एक मोटार, मग होडी, मग पुन्हा मोटार. सगुणाही एकटीच होती, पण तिनं ते कधी लपवलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, "अक्का, माझे डोळे चालले. वैद्य म्हणतात होळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगवत नाही. तोवर एकदा तोंड दाखवून जा."

आजीनं पत्र उराशी धरलं. जायचंच होतं. पण भाड्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्या महिन्याच्या टाकीला गेले. तिनं उलट टपाली कळवलं, की घरातल्या माणसांचं करायचं असतं, निघणं होत नाही, पुढच्या महिन्यात नक्की येते. पुढच्या महिन्यातही टाकी आलीच. तिनं पुन्हा तेच कळवलं. असं करत पौष महिन्यापर्यंत सात टाक्या झाल्या आणि तीन पत्रं.

माघ संपता संपता एका सकाळी गावातला विणकर ओट्याशी आला. त्याची बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. तो उभाच राहिला आणि म्हणाला, जोडप्याची टाकी आहे, ती बदलायची होती. आजीनं खडू उचलला आणि सवयीनं विचारून गेली, घरात माणसं किती? विचारलं आणि तिनं जीभच चावली.

विणकरानं टोपी काढून हातात धरली.

"दोन होतो, आजी. आता एक," तो म्हणाला. "काल रात्रीही मी दोघांच्या भाकरी थापल्या. म्हटलं, असं किती दिवस चालायचं. म्हणून आलो."

आजीनं त्याला छोटी टाकी सांगितली. तो मान हलवून निघून गेला. आजी तशीच बसून राहिली, खडू हातात धरून. त्या माणसाला एक म्हणताना किती दुखलं ते तिनं पाहिलं होतं, पण तो म्हणाला आणि चालत घरी गेला. थोड्या वेळानं तिनं फरशीवर, जिथं साऱ्या गावाच्या रेघा मारल्या होत्या तिथं, स्वतःसाठी एक रेघ मारली. मग ती त्या एकट्या रेघेकडं बघून पोटभर रडली.

त्याच दिवशी तिनं हातगाडी बोलावली आणि गोधडी काढून टाक्या पेढीवर नेल्या. गावानं पाहिलं तर पाहिलं. बाबूनं थोडी रक्कम कापून भरलेल्या टाक्या परत घेतल्या आणि नवा फॉर्म काढला. माणसं किती?

"एक."

आजीला वाटलं होतं, आता सगळे वळून बघतील. कुणीही वळलं नाही. बाबूनं एक लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

हातात आलेल्या पैशातून आजीनं दुसऱ्याच दिवशी भाडं काढलं. पण वाटेत होडी बंद पडली, चार दिवस धर्मशाळेत गेले, मग मोटारीचा रस्ता खचलेला होता, तो उघडायला दहा दिवस लागले. ती सगुणाच्या दारात पोचली तेव्हा अंगणातली होळीची राखसुद्धा थंड झाली होती.

सगुणा उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती, बोटांनी चाचपून. पावलं ऐकून तिनं मान वर केली आणि विचारलं, कोण आहे?

आजी खाली बसली आणि तिनं सगुणाचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या गालांवर ठेवले. सगुणानं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, लहानपणी पडून झालेला हनुवटीवरचा वण शोधला.

"अक्का," ती म्हणाली. "उशीर केलास गं. मागच्या महिन्यात दिसत होतं."

"हो," आजी म्हणाली.

"घरी सगळ्यांचं कोण बघतंय मग? आता जेवायला कोण वाढेल त्यांना?"

"घरी कुणी नाही, सगुणा. मी एकटीच असते. तीन वर्षं झाली."

सगुणाचे हात गालांवरच थांबले. मग ती हळूच म्हणाली, "आणि मी तीन वर्षं तुला राहायला ये म्हटलं नाही. म्हटलं, अक्काचं भरलं घर आहे, तिला कशाला ओढायचं."

मग आजी उठून स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात एक छोटी टाकी होती. आजीनं आधण ठेवलं, दोन कप पाणी, दोन चमचे साखर, दोन चिमटी चहापूड. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचं माप बरोबर आलं, आणि पातेल्यात काही उरलं नाही.

तात्पर्य एवढंच, की दहा दुकानांचे भाव पारखण्याआधी आपल्या घरात माणसं किती ते स्वतःला खरं सांगावं. जगानं फसवलं तर पैसे जातात, पण स्वतःला फसवलं तर त्याबरोबर वेळही जातो, आणि तो कुठलीच पेढी परत घेत नाही.