पत्र्या पिकवणारा बैल

डोंगराच्या कुशीतल्या एका मुरमाड गावात एक बैल राहत असे. कामाला वाघ, पण राग कायम नाकावर! गावची सगळी शेती तो ओढी आणि दर आठवड्याला घाट उतरून शहरातल्या घोड्याला छकडाभर कडबा पोचवी. खुरांच्या लोखंडी पत्र्या झिजल्या की घोड्याच्या तबेल्यातला नालबंद माकड त्याला नव्या ठोकून देई. हे इतकं अंगवळणी पडलं होतं मुलांनो, की पत्र्या खुरांसोबत आपोआप उगवतात असंच बैलाला वाटे.

एकदा छकडा तबेल्याच्या दारात जरा आडवा लागला. घोडा फुरफुरला, "ए बैलोबा! हटव ते खटारं. गावंढळ कुठला!" झालं, बैलाचं डोकंच फिरलं. उन्हातान्हात राबून पिकवायचं आपण, आणि वर बैलोबा म्हणवून घ्यायचं? "माझं खाऊन मलाच अक्कल शिकवतोस?" तो गरजला. "आता एक पेंढीसुद्धा मिळणार नाही! आमच्या गावात सगळं पिकतं. तुमच्या शहरावाचून आमचं काही अडत नाही!" घोडाही कसला ऐकतोय! "जा रे जा," तो म्हणाला, "शहरात हवं ते मिळतं." पत्र्या न बदलताच बैल तरातरा निघून आला.

महिना गेला. रब्बीच्या पेरणीला वाफसा आला, म्हणजे बी रुजेल इतकीच ओल जमिनीत उरली. ती टिकते चार दिवस, मग जमिनीचा दगड होतो. गावातल्या शेळ्या-कोंबड्यांचं वर्षभराचं पोट त्या चार दिवसांवर! बैलाने पेरणीची तिफण ओढायला घेतली आणि झिजलेल्या पत्र्या निघून पडल्या. मुरमाने खूर फाटले, रक्त आलं, तरी हा दातओठ खात ओढतोच आहे. दुसऱ्या दिवशी मात्र तो मटकन खाली बसला. रोज शहरात जाऊन येणारा कावळा बांधावरून कडाडला, "अरे, तिकडे घोड्याच्या बरगड्या वर आल्यात, इथे तुझ्या कडब्याची गंजी कुजतेय, आणि तुझ्या पत्र्या तबेल्यात पडल्यात! तुमच्या भांडणापायी ह्या शेळ्यांनी काय माती खायची?"

"मी माफी मागणार नाही!" बैल म्हणाला.

"माफी घाल चुलीत! पेरणीचं बघ!"

माकडाला घेऊन घाटात ये, असा निरोप द्यायला कावळा घोड्याकडे उडाला. बैल घोड्याच्या नावाने बोटं मोडत, लंगडत, छकडा घेऊन निघाला. तिकडून माकडाला पाठीवर घेऊन घोडा लटपटत आला. अर्ध्या घाटात गाठ पडली. घोड्याने आधी कडब्यात तोंड घातलं.

"शहरात हवं ते मिळतं ना?" बैल खेकसला.

"आणि तुझ्या गावात पत्र्या पिकतात ना?" घोडा भरल्या तोंडाने म्हणाला.

"गप्प बसा दोघं!" माकड ओरडलं. "पाय हलला तर खिळा मांसात जाईल." बैलाने मुकाट पाय पुढे केला.

बैल परतला तेव्हा पाचवा दिवस उजाडला होता. अर्धं रान पेरायचं राहिलं होतं, आणि ते कोरडं ठाक पडलेलं. शेळ्या बांधावर उभ्या होत्या. बैलाला स्वतःचाच असा संताप आला की त्याने सगळा जीव लावून तिफण ओढली. पण फण काही जमिनीत घुसेना.

तात्पर्य : खेडं असो वा शहर, ज्याच्या आधारावर आपण उभे आहोत त्यालाच 'तुझ्यावाचून माझं अडत नाही' असं सुनावणारा स्वतः तर तोंडघशी पडतोच, वर निरपराध्यांनाही उपाशी ठेवतो.