येतो की आम्ही, शेठ!

चंदगडकडच्या एका कारखान्यात आम्ही छत्तीस बायका काजू फोडायचो. एक दिवस शेठनं सांगितलं, "कारखाना तीनशे किलोमीटर लांब हलवतोय. मी कुणाला काढत नाही. जी तिकडं येणार नाही, तिनं स्वखुशीनं काम सोडलं असं लिहून द्यायचं." म्हणजे भरपाई द्यायलाच नको! लेकुरवाळ्या बायका एवढ्या लांब येतात कशाला, हे त्याला पक्कं ठाऊक. पोरीला कडेवर घेऊन मी तर सही करायला निघालेच होते.

गोदाआत्यानं माझा हात धरला. तीस वर्षं तिथं काम केलेली बाई ती. कारखाना हलणार म्हणून कामगार खात्याचे साहेब त्या दिवशी चौकशीला आले होते. त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "येतो की आम्ही, शेठ! छत्तीसच्या छत्तीस. जुना पगार, जुनी वर्षं धरून, तेवढं कागदावर लिहून द्या."

शेठ भडकला. "खुळी का काय गं तू? तिथं निम्म्या पगारात बायका मिळतात. तुमचं लोढणं कशाला नेऊ?"

आत्या साहेबांकडं वळली. "आता तुम्हीच लिहा साहेब. आम्ही सोडलं, का ह्यांनी काढलं?"

साहेबांनी 'काढलं' असंच लिहिलं. भरपाई प्रत्येकीला मिळाली. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो.

पण कारखाना गेलाच, आणि भरपाई चार महिन्यांत संपली. आता मी आणि आत्या काम शोधत फिरतो. जाऊ तिथं मला विचारतात, "पोर कुणाजवळ ठेवणार?" आत्याला विचारतात, "वय किती?"

तिथं आत्याही गप्प राहते.