घर एकाचं, मान चौघांचा

"एकही प्रश्न विचारायचा नाही! आणि उद्या दिवस मावळायच्या आत, त्या घरावर हक्क सांगणारी माणसं आपल्या पायांनी माझ्यासमोर आली पाहिजेत. नाही आली, तर रावजी माळ्याने बिऱ्हाड उचलायचं आणि काजळगड सोडायचं!"

भुजंगराजांनी हुकूम सोडला आणि रावजीची बोबडीच वळली.

तसं त्या बिचाऱ्याने केलं काय होतं? राजांच्या आत्यासाहेबांना गावातली धूळ सोसेना, म्हणून नदीपलीकडच्या नव्या पेठेत त्र्यंबकशेठचं घर घ्यायचं ठरलं. बागेला पाणी घालता घालता रावजी बोलून गेला, "सरकार, घर घेण्याआधी चार लोकांत विचारपूस करावी. कुणाचा वाटा असतो, कुणाची वाट असते." झालं! त्र्यंबकशेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"महाराज, विचारलं की नसलेले हक्कसुद्धा लोकांना आठवतात! आणि माझ्या शब्दापुढे माळ्याचा शब्द?"

राजाला ते पटलं. आणि भुजंगराजांना एकदा पटलं की पटलं, मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नाही!

रावजी घरी येऊन गाडगी-मडकी बांधायला लागला. बागेतलं एकेक झाड त्याने लेकरासारखं वाढवलेलं. त्याचे डोळे भरून आले. त्याची लेक तानू चुलीपाशी भाकरी थापत होती. बापाचे डोळे तिने बघितले, पण रडत बसणारी पोर नव्हे ती!

"बाबा, मडकी सोडा," ती म्हणाली. "विचारायचं नाही ना? नाही विचारत. पण सांगायला तर बंदी नाही!"

तडक राजवाड्यात जाऊन तिने मुजरा केला. "सरकार, उद्या तिसऱ्या प्रहरी घराच्या ओट्यावर आपल्या हातून मानाचे चार नारळ द्यायचे. घराचा, अंगणाचा, परसाचा आणि सैपाकघराचा. चारही एकट्या त्र्यंबकशेठना! तेवढी दवंडी पिटायची परवानगी असावी."

त्र्यंबकशेठ शेजारीच बसला होता. राजाच्या हातून चार-चार नारळ! त्याची छाती अशी फुगली की अंगरख्याचे बंद ताणले. "द्या महाराज, द्या परवानगी! पोर गुणाची आहे."

डुम् डुम् डुम् करत दवंडी पेठभर फिरली.

आता काजळगडच्या माणसांचं सांगतो. त्यांची जमीन कुणी दाबली तर ते म्हणतील, बघू सावकाश. पण त्यांच्या मानाचा नारळ दुसऱ्याने नेला? अहो, लग्नात विडा आधी व्याह्याला दिला म्हणून पंगतीवरून उठून जाणारी ही जात! मान एकदा चारचौघांत दुसऱ्याला गेला की हक्कही त्याच्या मागोमाग गेला, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर राजे बसले, शेजारी आत्यासाहेबांची पालखी टेकली. पेठ लोटली होती. तानूने पहिला नारळ राजांच्या हाती दिला. "घराच्या मालकीचा मान, त्र्यंबकशेठ!"

शेठ हसत पुढे झाला. रावजीने डोळे मिटून घेतले.

"खबरदार!" गर्दीतून आरोळी आली. शेठचा चुलतभाऊ नरहरी वहाणा हातात घेऊन धावत आला. "निम्मं घर माझ्या बापाचं! विक्री होईपर्यंत गप्प बस, मग तुझं बघतो म्हणालास, म्हणून गप्प बसलो. पण नारळ एकटा घेशील होय रे?"

"अंगणाचा मान..." तानूने घाईघाईने दुसरा नारळ उचलला.

"हात लावून तर बघ!" मागच्या मळ्यातला बाळोजी गरजला. "आज्याच्या काळापासून माझी बैलगाडी याच अंगणातून शेतात जाते!"

परसाच्या नारळाला तर म्हसोबाचा गुरवच आडवा आला. "परस देवाच्या इनामातलं! देवाचा नारळ माणूस खाणार?"

शेठचा चेहरा उतरला. "महाराज, फुकटच्या नारळाला जमलेत हे सगळे!"

"फुकटचे कुठले शेठजी?" तानू म्हणाली. "दवंडीत तुमच्याशिवाय कुणाचं नाव होतं का?"

उरला सैपाकघराचा नारळ. तेवढ्यात पागोटं सावरत, धापा टाकत आले ते खुद्द रस्त्यांचे कारभारी! "थांबा, तो मान आमच्या खात्याचा! माघात इथून हत्तींचा रस्ता निघतोय. चुलीवरून सरळ पलीकडे!"

"काय?" राजे ताडकन उठले. "कुणाच्या हुकमाने?"

"आपल्याच, महाराज! दसऱ्याला आपणच मोर्तब केलंत की!"

राजांनी आ वासला. उद्या आत्यासाहेब चुलीपुढे बसल्या असत्या आणि वरून हत्ती आला असता! ते आधी ओशाळले, मग हसू दाबू लागले. "तानू, मग या घरात त्र्यंबकशेठचं उरलं तरी काय?"

"उरलं की सरकार! दारावरचं कुलूप तेवढं त्यांचं एकट्याचं आहे."

राजे खो खो हसत सुटले. सारी पेठ हसली. रावजी तर हसता हसता रडायलाच लागला. नरहरीचा निम्मा वाटा मोजून द्यायचा हुकूम झाला, आणि शेठ कुलूपसुद्धा न घेता निघून गेला.

"रावजी, ती बाग आणि खोपट आता पिढ्यान्‌पिढ्या तुझं," राजे म्हणाले. "आणि पोरी, तुला नव्या पेठेतलं हवं ते घर बक्षीस! बोल, कुठलं देऊ?"

तानूने पदर सावरून वाकून मुजरा केला. "सरकारांची कृपा! पण आज नको. आधी चार नारळ उसने द्या, उद्या सांगते!"

राजे पुन्हा हसू लागले. ते इतके हसले, की शेवटी आत्यासाहेबांनीच पालखीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "अरे, दे तिला पोतंभर नारळ! आणि माझ्यासाठी घरही आता हीच शोधेल!"