उंडग्याचे कान आणि हॉकीची काठी

चैत्र वद्य पंचमी. हवा कोंदट, वारा अजिबात नाही. फार पूर्वीच्या त्या दिवशी ओढ्याकाठच्या मैदानासाठी ससे आणि वानर हॉकीचा सामना खेळणार होते. हरेल त्याने मैदान कायमचं सोडायचं, असं ठरलं होतं.

सशांना खेळ शिकवणारी घोरपड सकाळपासून काठ्या वाटून थकली होती. उभी केलेली काठी खेळणाऱ्याच्या कमरेला लागावी, म्हणजे निम्म्या उंचीची असावी, एवढंच तिचं म्हणणं. सगळ्यांनी ते ऐकलं. अडून बसला तो बचावाला उभा राहणारा उंडग्या.

"निम्मी उंची ना, बाई? मग माझे कान सोडून का मोजता?" तो कान ताठ करून म्हणाला.

"अरे, कानांनी चेंडू अडवणार आहेस का?"

"कान काय उसने आणलेत? माझेच आहेत!"

"म्हणून तुझी कंबर वर सरकली का रे?"

"तुम्ही जमिनीला चिकटून चालणार, बाई. तुम्हाला उंचीतलं काय कळणार?"

बाकीचे ससे खो खो हसले. घोरपडीने कपाळाला हात लावला. "घे बाबा, छातीला लागणारी घे. पण चेंडू पायाशी आला तर मला हाक मारू नकोस."

उंडग्याने लांबून आलेले चेंडू झकास अडवले आणि दर वेळी घोरपडीकडे बघून कान हलवले. अगदी शेवटी वानरांच्या हुप्प्याने चेंडू थेट त्याच्या पायाशी ढकलला. उंडग्याने घाईने काठी जवळ ओढली, तिचं वरचं टोक त्याच्याच छातीत रुतलं आणि चेंडू पायांमधून निघून गेला.

वानरांनी सामना एक-शून्य असा जिंकला. दिवस मावळायच्या आत सशांनी मैदान रिकामं केलं.