तीन ताटांची विद्याशाळा

आलात सगळे? पाय आत घ्या. पांघरूण एकट्यानं ओढायचं नाही, पलीकडच्यालाही पुरलं पाहिजे. हां, असं. आता ऐका.

कुठल्याशा देशात एक राजा राहायचा. मनानं भला, पण हलक्या कानाचा. जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला पटायचं. राणी होती शहाणी, म्हणून राज्य चाललं होतं बरं का. त्यांच्या गावाबाहेर एक टेकडी होती आणि टेकडीवर होती मोठी विद्याशाळा. तिथं काय नाही शिकवायचे? तारे कसे ओळखायचे, मुळ्या उगाळून औषध कसं करायचं, नदीवर पूल कसा बांधायचा. ज्यांच्या घरी ऐपत होती त्यांची मुलं आपापला शिधा घेऊन जायची. आणि ज्यांच्याकडे शिधा नाही त्यांच्यासाठी राजा दरवर्षी तीन नवी ताटं घडवून घ्यायचा. एक ताट म्हणजे एक मूल. त्याचं जेवणखाण, अंथरूण, पोथ्या, सगळं राजाकडून, अगदी शिकून मोठं होईपर्यंत.

मुलं यायची पुष्कळ आणि ताटं तीन. मग निवडायचं कुणी आणि कसं?

गादीवर बसला त्या पहिल्या वर्षी राजानं पंडितांना विचारलं. पंडित म्हणाले, ज्याचं पाठांतर जास्त त्याला ताट. मग काय झालं असेल? तिन्ही ताटं एकाच आळीत गेली, पंडितांच्या. त्यांची पोरं पाळण्यातच श्लोक ऐकत वाढलेली. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा, पण त्यांच्या घरी ताटं काय कमी होती?

दुसऱ्या वर्षी प्रधान म्हणाला, जो सगळ्यांत गरीब दिसेल त्याला द्या. झालं. गावातल्या शेटाणीनं आपल्या हातानं नवाकोरा अंगरखा फाडला आणि लेकाच्या तोंडाला चुलीतली राख फासली. आणि जी खरोखरची गरीब होती ना, ती पोरं आली होती नीट आंघोळ करून, एकुलता एक धड कपडा धुऊन, वाळवून, अंगात घालून. राजाच्या दारी जायचं म्हणून. ती सगळी मागं फिरली.

तिसऱ्या वर्षी सेनापती म्हणाला, हे सगळं सोडा, चिठ्ठ्या टाका. एक चिठ्ठी निघाली एका गोलमटोल मुलाच्या नावाची. त्याला शिकायचं नव्हतंच, त्याला घरी आईजवळ राहायचं होतं. चार दिवस बिचारा नुसता रडला आणि पाचव्या दिवशी पळून गेला. ताट तसंच उपडं पडून राहिलं.

मग राणी म्हणाली, "आता मी बघते."

त्याच राज्यात ठकूबाई नावाची एक म्हातारी होती. काळी, उंच, काटक. ती बियाणं निवडायची. सुगीच्या आधी शेतात शिरायची, ज्वारीचं एकेक कणीस हातात घ्यायची आणि पसंत पडलं की त्याला लाल दोरा बांधायची. त्या कणसांचं बी पुढच्या वर्षी गावभर पेरलं जायचं, आणि ते कधी वाया जायचं नाही. घरी ती आणि तिची नात आवडी, दोघीच. आवडीला शिकायचं वेड. ठकूबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तिनं गुरवाच्या घरी वर्षभर वाल पोचवले आणि नातीला अक्षरं शिकवून घेतली. यंदा टेकडीवर जायचंच, असं आवडीनं ठरवून टाकलं होतं.

राणी शेतात आली तेव्हा ठकूबाई दोरे बांधत होती. पाटाजवळ हे एवढं मोठं कणीस डुलत होतं. ते सोडून तिनं मुरमातल्या एका लहानशा कणसाला दोरा बांधला.

राणीनं विचारलं, "बाई, मोठं सोडून लहान का घेतलंस?"

"मोठं होईल नाहीतर काय, बाईसाहेब? त्याला रोज पाणी मिळालंय," ठकूबाई म्हणाली. "ते काही वाईट नाही. पण हे बघा, हे दगडात उगवलंय, आणि तरी दाण्याला दाणा लागलाय, एक जागा रिकामी नाही. कणीस किती मोठं ते मी बघतच नाही. ते कुठं उभं राहून भरलं, ते बघते."

राणीनं ते कणीस हातात घेऊन निरखलं. मग म्हणाली, "बाई, माझी मुलं निवडून देशील का?"

ठकूबाई हो म्हणाली. आणि घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलीच आवडी त्या मुलांत असणार. तिला घास गोड लागेना. आवडीनंच विचारलं, "आजी, मग मी येऊ की नको?"

"ये की. माझी नात आहेस हा काय तुझा गुन्हा आहे?" ठकूबाई म्हणाली. "पण तुझी पाळी आली की मी तिथून उठणार. ते चालेल ना तुला?"

आवडी म्हणाली, "चालेल."

चैत्रात ठकूबाई टेकडी चढून विद्याशाळेच्या दाराशी आली. दाराला होता काळ्या दगडाचा उंबरठा. आता उंबरठ्यावर पाय देऊ नये, हे तुम्हाला माहीत आहेच. मोठमोठे विद्वान शंभर वर्षं तो ओलांडून आत-बाहेर करत होते. ठकूबाईचे गुडघे दुखत होते, तिला पाय काही उचलवेना. ती वाकली, उंबरठ्याला हात लावून म्हणाली, "बाबा, पाय पडतोय हं, राग धरू नकोस."

आणि काय सांगू, उंबरठा बोलला. जात्यासारखा घरघरीत आवाज. "राग कसला, बाई? शंभर वर्षांत माझ्यावर कुणी पाय ठेवला नाही आणि कुणी माझ्याशी बोललं नाही. पाय ठेव. पाय ठेवलास की मला सगळं कळतं. तो कुठून आला, किती चालला, कुणाच्या आधारानं चालला."

ठकूबाई तिथंच बसली. मग तिनं राणीला सांगितलं, आणि सगळ्यांना हुकूम सुटला की यंदा प्रत्येक मुलानं उंबरठ्यावर पाय देऊनच आत यायचं. पंडितांनी कानांवर हात ठेवले. "अनाचार!" म्हणाले. राणी म्हणाली, "असू दे."

पंधरा मुलं आली. ठकूबाईनं त्यांना काही विचारलंच नाही. तिनं सगळ्यांत थोरल्या पंडितांना म्हटलं, "यांच्यातल्या एकालाही येत नसेल असं काहीतरी शिकवा. तीन दिवस. सगळ्यांना एकच जेवण, एकच घोंगडी, एकच गुरुजी." मग पंडितांनी शिकवलं, झाडावर न चढता नुसत्या सावलीवरून झाडाची उंची कशी काढायची. हुशार होते हो पंडित, हट्टी होते इतकंच.

पहिल्या दिवशी एक मुलगी आली आणि कोपऱ्यात बसल्या बसल्या झोपली. तुळसा तिचं नाव. पंडित म्हणाले, "हिला घरी पाठवा, हिचं लक्ष नाही." ठकूबाई म्हणाली, "झोपू द्या. सगळ्यांचे तीन दिवस आहेत, तिचा एक झोपेत जाईल. तो तिचा तिनं भरून काढायचा." आणि तिनं तुळसाच्या पायांवर घोंगडी घातली. पाय चुन्यानं फुटलेले होते, भेगाभेगांत पांढरं.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला बाहेर नेऊन विचारलं, देवळाचा कळस किती उंच? मग ठकूबाई उंबरठ्याशी बसली आणि एकेकाचं नाव घेऊ लागली.

हरबा नावाचा एक मुलगा होता, अंगात भरजरी कुडता. त्याचं उत्तर बरोबर होतं. पंडित म्हणाले, "एवढा कुडता घालणाऱ्याला ताट कशाला?" उंबरठा म्हणाला, "कुडता शेजारणीचा आहे. तो मळू नये म्हणून हे पाय वाटेत कुठंही बसले नाहीत." हरबाला ताट मिळालं. दुसरं मिळालं एका नावाड्याच्या मुलीला. तिचं उत्तर चुकलं होतं, पण कुठं चुकलं ते तिनं स्वतःच शोधून पंडितांना दाखवलं होतं.

उरलं एक ताट. आणि उत्तर बरोबर असलेल्या पाच जणांची नावं अजून व्हायची होती. त्यांतलं एक तुळसाचं, आणि एक आवडीचं.

ठकूबाई उठली. "ही माझी नात आहे. तिचं नाव ज्यांच्यात आहे तिथं मी बसणार नाही," असं म्हणून ती लांब चिंचेखाली जाऊन पाठ करून उभी राहिली. तिच्या जागेवर राणी बसली, साधी जमिनीवर.

राणीनं एकेकाबद्दल विचारलं. आवडीचं नाव आलं तेव्हा उंबरठा म्हणाला, "हे पाय शेतातून आले. चांगले चालले. पुढं आजी होती, तिनं वाट दाखवली." शेवटी तुळसाचं नाव आलं. उंबरठा म्हणाला, "हे पाय चुन्याच्या भट्टीवरून आले. सहा दिवस चालले. पुढं कुणी नव्हतं. अक्षरंही एकटीनंच शिकली, देवळाच्या भिंतीवरची बघून बघून."

राणीनं तुळसाचं नाव पुकारलं. चिंचेखाली ते ठकूबाईला ऐकू आलं.

तिला वाईट वाटलं बरं का. मनातून तिची इच्छा होतीच की नाव आवडीचं यावं. असणारच ना? आजीच ती. पण ती वळली, तुळसाजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आवडी तोवर गावाकडच्या लोकांबरोबर टेकडी उतरून गेली होती, कुणाशी न बोलता.

झोपलात काय रे? नाही ना? मग ऐका, खरी गोष्ट आता आहे.

ठकूबाई राणीला म्हणाली, "तिघं खुशीत गेली. पण बारा जणं नुसती घरी गेली, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी जाऊन येते." आणि ती निघाली, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. एकेका गावी जायची, मुलाला समोर बसवायची आणि त्याला का घेतलं नाही ते खरं खरं सांगायची. कुणाचं गणित कच्चं होतं, कुणाला घरूनच ढकलून पाठवलं होतं, कुणाचं सगळं बरोबर होतं. मुलं ऐकून घ्यायची. काही रडायची, मग ती रडणं थांबेपर्यंत बसायची. अशी अकरा घरं झाली. बारावं घर तिचं स्वतःचं.

ती एकदम आत गेली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "आहे का कुणी घरात?"

आवडी बाहेर आली. डोळे सुजलेले. "आजी, अशी बाहेर का उभी?"

"मी आज राणीसाहेबांकडून आलेय," ठकूबाई म्हणाली. "अकरा घरी गेले, तशीच इथं आलेय."

आवडीनं मग पाहुण्यांना देतात तसं पाणी आणलं, गुळाचा खडा आणला आणि समोर मांडी घालून बसली. मग तिनं विचारलं, "माझ्यात काय कमी होतं?"

"काहीच नाही गं," ठकूबाई म्हणाली. "तुझं सगळं बरोबर होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं. ताट कमी होतं."

आवडीनं डोळे पुसले. जरा विचार केला. मग म्हणाली, "पण आजी, ताटं तीनच का?"

अकरा घरी कुणी हे विचारलं नव्हतं, आणि ठकूबाईच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. तिनं आवडीचा हात धरला आणि दोघी तडक राजाकडे गेल्या.

राजानं प्रधानाला विचारलं, ताटं तीनच का? प्रधान म्हणाला, पहिल्यापासून तीनच आहेत. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? मग जुनी दप्तरं काढली, धूळ झटकली, सगळे शिंकले. तळाशी एक कागद निघाला, राजाच्या पणजोबांच्या वेळचा. त्यावर लिहिलं होतं की त्या वर्षी विद्याशाळेसाठी पंधरा मुलं घरून निघाली. नदीला पूर आला. तिघं कशीबशी पोहून आली. बाकीची पलीकडच्या काठावर उभी राहिली. तिघं आली म्हणून तीन ताटं केली.

राजानं तो कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग त्यानं विचारलं, "आणि ती बारा मुलं? पूर ओसरल्यावर त्यांचं काय झालं?"

"लिहिलेलं नाही, महाराज," प्रधान म्हणाला.

आणि त्या दिवशी राजानं पंडितांना विचारलं नाही, प्रधानाला विचारलं नाही, राणीकडेही बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या मनानं बोलला. म्हणाला, "यापुढं ताटं मोजून मुलं निवडायची नाहीत. ठकूबाईनं निवडावी, आणि जितकी मुलं तिच्या मनासारखी भरतील तितकी ताटं मी घडवीन."

मग तांबट बसले ठोकायला. उत्तर बरोबर येऊनही राहिलेल्या चौघांसाठी त्या वर्षी चार ताटं आणखी झाली. आवडी टेकडीवर गेली आणि पंगतीत तुळसाशेजारी बसली. ज्या मुलांचं कच्चं होतं त्यांनी वर्षभर अभ्यास केला आणि पुढच्या चैत्रात तीही आली. तुळसा पुढं मोठी वैद्य झाली, हरबानं गुरुजी होऊन मुलं शिकवली, आणि आवडीनं काय केलं सांगू? तिनं त्या नदीवर पूल बांधला. मग कितीही पूर आला तरी पलीकडच्या काठावर कुणाला उभं राहावं लागलं नाही.

ती सगळी तिथं पोटभर जेवली, पोटभर शिकली आणि सुखानं राहिली. आता तुम्हीही सुखानं झोपा. पांघरूण सगळ्यांना पुरलंय ना? मग मिटा डोळे.