पहिली मात्रा रिकामी

"म्हणजे काम पुरं झाल्यावरच विसावा मिळायचा, असंच ना, बुवा?"

मांडीजवळ तबला घेऊन बुवा सूर जुळवायला त्याच्या लाकडी गट्ट्यावर हातोडी ठोकत होते. टक्. मग कान जवळ नेऊन बोटानं वाजवून बघायचे. पुन्हा टक्.

"शास्त्रात तसंच आहे," रूबेन म्हणाला. "देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. आधी काम, मग विसावा. उद्या उपदेशाला हाच विषय घेतलाय. म्हटलं, तुम्हाला एकदा विचारून घ्यावं."

टक्.

उपदेशाचं कारण तेवढं खरं नव्हतं. उपदेश कधीच तयार होता. रूबेनचे उपदेश नेहमीच वेळेआधी तयार असत. तो आला होता वेगळ्याच कामासाठी, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

शिलवंतबुवा दुशिंग हे ख्रिस्ती कीर्तनकार. प्रवरेकाठच्या खेड्यापाड्यांत त्यांनी उभा जन्म ख्रिस्तजन्माची आणि उधळ्या पुत्राची कीर्तनं केली. आता गुडघे गेले होते. आवाज मात्र जागेवर होता. रूबेन कॉलेजात असताना सुट्टी लागली की त्यांच्या मागे तबल्याला बसायचा. आता तो तालुक्याच्या गावी पाळक होता, आणि पाळक म्हणजे काय, तर एका माणसात पाच माणसं कोंबलेली. आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनं, मुलांचं वसतिगृह, भावाभावांची भांडणं, सगळं त्याच्याच अंगावर. कोणी हात लावायला आलं, की म्हणायचा, "असू द्या, मी बघतो." प्रार्थनेनंतर आमेन म्हणावं, तसं कुठल्याही बोलण्यानंतर त्याच्या तोंडून "मी बघतो" यायचं.

याचा त्याला अभिमान होता. मोठाच होता.

मग मागच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीत त्याचा हात कापू लागला. द्राक्षरसाचा प्याला त्यानं मंडळीपुढे धरला होता. आधी बोटं थरथरली, मग मनगट, मग काही केल्या आवरेना. प्याला कलंडला. मेजावरच्या पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरत गेला.

मंडळीत कोणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या राहेलकाकू उठल्या आणि त्यांनी आपल्या पदरानं ते टिपून घेतलं. त्या रागावल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी तपासलं. "काही झालेलं नाही. विश्रांती घ्या," म्हणाले. त्याला तो शब्द शिवीसारखा लागला.

उद्या पुन्हा पहिला रविवार होता. रूबेननं बायकोला, प्रमिलाला, सकाळी सांगून टाकलं होतं: आज संध्याकाळी बिशपसाहेबांना फोन करतो. म्हणतो, दुसरा पाळक बघा. ज्याला काम झेपत नाही, त्यानं जागा सोडावी. अर्ध्यातच बूड टेकून बसू नये. बुवा एकदा "बरोबर" म्हणाले की तो सुटला.

पण बुवा बोलायला तयार नव्हते.

आतून सून आली. दोन कपबशा ओट्यावर ठेवून गेली.

"घे," बुवा म्हणाले.

"आधी तुम्ही, बुवा."

"आरं, पाव्हणा तू."

"नाही, आधी तुम्ही घ्या. मी घेतो मग."

बुवांनी त्याच्याकडे बघितलं. कपाला हात लावला नाही. रूबेननंही लावला नाही. हातोडी चालू राहिली. दोन्ही कपांवर साय धरली.

"गेला च्या," बुवा म्हणाले.

...

"तबल्याला हात लावून किती दिस झाले?"

"वेळ कुठे असतो, बुवा."

"बस. रूपक लाव."

"हात कापतो माझा."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की जे लपवायचं होतं, तेच तोंडातून गेलं. बुवांनी तबला आणि डग्गा त्याच्याकडे सरकवला.

"कापत्या हातानं लाव."

रूबेननं बाह्या वर सारल्या. रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल. इतर तालांत पहिली मात्रा, म्हणजे सम, दणक्यात येते. दोन्ही हात जोरात पडतात. रूपकाचं उलटं आहे. त्याची समच खाली, म्हणजे रिकामी. तिथे उजव्या हातानं नुसतं हलकं 'तीं' वाजवायचं, आणि डावा हात डग्ग्यावरून उचलून गप्प ठेवायचा. टाळी देणारासुद्धा तिथे टाळी देत नाही. तळहात उताणा करून दाखवतो.

रूबेन वाजवू लागला. सम आली, आणि त्याचा डावा हात डग्ग्यावर आदळला. घूं.

"डावा पडला."

पुन्हा सुरू. पुन्हा घूं.

"पडला."

"कळतंय, बुवा. पण आपोआप पडतो."

"विशीतबी पडायचा. तुला मोकळी जागा दिसली की बघवत न्हाई."

रूबेनला हे लागलं. त्यानं ओठ आवळून पुन्हा सुरू केलं. आता हात पडू नये म्हणून त्यानं खांदाच ताठ धरला, आणि ताठ धरल्यानं हात जास्तच कापू लागला. अर्ध्यावर तो थांबला.

"नाही जमत."

बुवा गुडघे धरत धरत पुढे सरकले. त्यांनी रूबेनचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आता वाजव."

"एका हातानं?"

"खालीला एकच लागतो."

तीं तीं ना. बुवांनी हात सोडला. धीं ना धीं ना. सम आली, तसा बुवांनी हात परत घेतला. तीं तीं ना. सोडला. धीं ना धीं ना. परत घेतला.

असं कितीतरी वेळ चाललं. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा पाळकसाहेबांना तान्ह्या पोरासारखं खेळवतोय. रूबेनलाही आधी तसंच वाटलं. मग काहीच वाटेना. हात अजून कापत होता, पण त्याला तो सांभाळावा लागत नव्हता. तो बुवांच्या हातात होता. तिथे तो कापला काय आणि न कापला काय, खाली पडणार नव्हता.

"पुरे," बुवा म्हणाले. "सम कुठं हाये रूपकाची?"

"पहिल्या मात्रेवर."

"भरी की खाली?"

"खाली."

"मंग ताल बांधणाराचं चुकलंच म्हणायचं. आधी सगळं भरून काढायचं, आन् शेवटाला खाली द्यायची. न्हाई का?"

प्रश्न तालाचा नाही, हे रूबेनला कळत होतं. तबलजी होता तो, बहिरा नव्हता.

"आदामाला कवा घडवला देवानं?"

"सहाव्या दिवशी."

"दिस मावळता मावळता. मंग त्याचा पहिला अख्खा दिस कंचा?"

रूबेननं तोंड उघडलं. ही गोष्ट त्यानं शेकडो वेळा वाचली होती, लहान मुलांना शिकवली होती, परीक्षेत लिहिली होती...

"सातवा," तो म्हणाला.

"विसाव्याचा?"

"हो."

"तवर आदामानं काय काय काम केलं व्हतं?"

"काही नाही."

"बाग त्यानं लावली व्हती?"

"नाही, बुवा."

"मंग त्याला विसावा कशाचा मिळाला?"

...

विसावा ही मजुरी आहे, असं रूबेन आजवर धरून चालला होता. संध्याकाळी मुकादम देतो ती. ज्यानं दिवसभर कुदळ मारली नाही, त्यानं हात कुठल्या तोंडानं पुढे करायचा? आणि त्याचा तर दिवस कधी मावळतच नव्हता. मंडळीत उद्याही कोणी आजारी पडणार होतं, परवाही कोणी भांडणार होतं.

"प्याला सांडला माझ्या हातून," तो म्हणाला.

बुवांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. अशा बातम्या प्रवरेच्या पाण्याआधी खाली येतात.

"सगळ्यांदेखत सांडला, बुवा. पांढऱ्या कापडावर. देवानं माझ्यावरचा हात काढून घेतलाय. आज साहेबांना फोन करणार आहे. जागा सोडतो." मग तो घाईघाईनं म्हणाला, "मी काही आळस नाही केला. एक दिवस घरी बसलो नाही. ताप अंगात घेऊन दफनं केली."

"व्हय. ठाऊक हाये."

"मग असं का झालं?"

बुवांनी डग्गा बाजूला सारला.

"त्या दिशी प्याला वाटाया घेतलास, त्याआधी तू घोट घेतला व्हतास?"

रूबेन चपापला.

जुनी रीत अशी, की पाळकानं भाकर आणि द्राक्षरस आधी स्वतः घ्यायचा, मग मंडळीला द्यायचा. रूबेननं आल्या आल्या ती मोडली होती. सेवकानं मालकाच्या पोरांआधी जेवायचं नसतं, असं तो म्हणाला होता. सगळ्यांना वाटून झाल्यावर, शेवटी, काही उरलं तर तो घ्यायचा. मंडळीला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यालाही.

"नाही," तो म्हणाला. "मी शेवटी घेतो."

"आन् उरलं न्हाई तर?"

"तर राहू देतो."

"असं किती दिस राहू दिलंस?"

रूबेननं आठवायचा प्रयत्न केला. मंडळी वाढली होती, प्याला तेवढाच होता. कितीतरी महिने त्याच्या वाट्याला तळाशी काही उरलं नव्हतं. त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यालाही तो एक प्रकारचा मान वाटत होता. उपाशी पोटी वाढत राहण्याचा मान.

त्याला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि मग दोन्ही एकदम सुरू झालं. चाळिशीचा माणूस, गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी, ओट्यावर बसून हसत होता आणि रडत होता. बुवांनी ना समजूत काढली, ना पाठीवर हात फिरवला. त्यांनी भिंतीशी गुंडाळून ठेवलेली चटई पायानं उलगडली.

"पड जरा."

"आत्ता? बुवा, उद्याची तयारी..."

बुवांनी उजवा हात पुढे केला आणि तळहात उताणा केला. खालीची मात्रा दाखवतात तसा.

रूबेन आडवा झाला. डोळे मिटायच्या आधी तोंडातून जुन्या सवयीनं "पाच मिनिटं" एवढंच आलं. मग तो घोरायला लागला, आणि चांगला जोरात. सुनेनं आतून डोकावून बघितलं. बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

...

जागा झाला, तेव्हा उन्हं उतरली होती. तो धडपडून उठला.

"संध्याकाळ झाली, बुवा. सगळा दिवस वाया गेला."

सुनेनं पुन्हा चहा आणून ठेवला होता. कपांतून वाफ निघत होती.

रूबेननं खिशातून फोन काढला. बिशपसाहेबांचा नंबर वरच होता. तो नंबराकडे बघत राहिला. आपण काय सांगणार होतो, ते शब्द त्याला आठवत होते, पण ते आता दुसऱ्याच कोणाचे वाटत होते. त्यानं नंबर बाजूला सारला आणि प्रमिलाला फोन लावला.

"निघतोय थोड्या वेळात," तो म्हणाला. "नाही, साहेबांना नाही केला. ...नाही करणार. उद्याची भक्ती मीच घेतो. आणि ऐक, मंडळीच्या पंचांपैकी कोणाला तरी निरोप दे. म्हणावं, प्याला वाटताना माझ्याबरोबर उभे राहा. माझा हात कापला तर धरायला."

पलीकडून प्रमिलानं एकदाच "बरं" म्हटलं. तिनं हा एक शब्द म्हणायला किती दिवस वाट बघितली होती, ते त्याला तिच्या आवाजावरून कळलं.

फोन ठेवून तो ओट्याच्या कडेला बसला. पाठ हलकी झाली होती. भूकही लागली होती.

बुवांनी एक कप त्याच्यापुढे सरकवला.

आधी तुम्ही, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. बुवा बघत होते. त्यानं ते शब्द गिळले, कप उचलला आणि तोंडाला लावला. हात थरथरला. निम्मा चहा बशीत आणि उरलेल्यातला थोडा विजारीवर गेला. पण एक घोट गेला आत. गोड, कडक, चांगला गरम.

त्यानं विजारीवरच्या डागाकडे बघितलं, मग बुवांकडे.

"सांडला, बुवा."

"सांडू दे," बुवा म्हणाले. "घोट घेतलास ना?"